मेंदूतली गाठ निघाली, आता व्याह्यांना काय सांगायचं?

"डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातले. माझी मुलगी 23 वर्षांची, बी. फार्म. झालेली. दसऱ्याला तिचा साखरपुडा झाला आणि दिवाळीच्या आधी चकल्या पाडता पाडता तिला एकदम फिट आली. एमआरआयमध्ये उजव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात पाण्याची पिशवी आणि तिच्या कडेला गाठ दिसली. 'ग्लायोमा वाटतोय, काढून टाकू,' असं सर म्हणाले. मिरजेला ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली असं सांगितलं. बायोप्सीत मात्र 'इंट्रापॅरेन्कायमल श्वॉनोमा, ग्रेड 1' असं आलं. सर म्हणाले, 'अशी केस मी पहिल्यांदाच बघतोय.' तेव्हापासून घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नाही. धाकटे दीर म्हणतात मुंबईला न्या, आमचे हे म्हणतात संपलं ते संपलं. एकांनी सांगितलं, रेडिएशनचा शेक दिला नाही तर पुढे कॅन्सर होईल. दुसऱ्यांनी गाठ विरघळवणारं भस्म आणून दिलंय. धाकट्या मुलाचीही तपासणी करावी का? लग्न वैशाखात आहे. तिकडे 'डोक्यात पाणी झालं होतं, ते काढलं' एवढंच सांगितलंय. मुलीलाही ट्यूमर हा शब्द सांगितलेला नाही. फिटसाठी लेव्हेटिरॅसिटॅमच्या गोळ्या चालू आहेत. हल्ली ती फार चिडते, परवा ताट आपटलं. काय करू?"
– एक आई

ताई,

ज्या प्रश्नानं तुमची झोप उडाली आहे त्याचं उत्तर आधी देते. हा कॅन्सर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत मेंदूतल्या गाठींचे 1 ते 4 असे दर्जे असतात आणि 1 हा सगळ्यांत सौम्य. ही गाठ सावकाश वाढते आणि बहुतेक वेळा शेजारच्या मेंदूत न शिरता त्याला बाजूला सारते, म्हणून सर्जनला ती सोडवून काढता येते. पूर्ण निघाली असेल तर शेक लागत नाही, केमोही लागत नाही. शेक दिला नाही तर कॅन्सर होईल, हे ज्यांनी सांगितलं त्यांनी कुठल्या तरी वेगळ्या गाठीबद्दल ऐकलेलं असणार. तेवीस वर्षांच्या मुलीच्या मेंदूला गरज नसताना किरण देणं हेच उलट नुकसानीचं.

आता सरांचं ते वाक्य. तुम्ही त्याचा अर्थ 'यांना कळलेलं दिसत नाही' असा घेतलात, असं पत्रावरून वाटतं. मला तो प्रामाणिकपणा वाटला. आयुष्यभर न्यूरोसर्जरी करणाऱ्याचीही या प्रकाराशी गाठ पडत नाही, यात काही नवल नाही. का, ते सांगते.

आपल्या नसांच्या धाग्यांवर एक वेष्टण असतं, विजेच्या तारेवर प्लास्टिकचं असतं तसं. हातापायांच्या, चेहऱ्याच्या, कानाच्या नसांवर हे वेष्टण ज्या पेशी घालतात त्यांना श्वॉन पेशी म्हणतात. थिओडोर श्वॉन या जर्मन शास्त्रज्ञावरून हे नाव पडलं. मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत मात्र हेच काम वेगळ्या पेशी करतात, त्यांचं नाव ऑलिगोडेंड्रोसाइट. नस मेंदूतून बाहेर पडली की थोड्याच अंतरावर एकीची हद्द संपते आणि दुसरीची सुरू होते. श्वॉन पेशींची गाठ म्हणजे श्वॉनोमा. ही गाठ तशी दुर्मीळ अजिबात नाही. कवटीच्या आतल्या सगळ्या गाठींपैकी साधारण 8 टक्के श्वॉनोमाच असतात आणि त्यातल्या बहुतेक आठव्या नसेवर, म्हणजे ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवर. एका कानानं कमी ऐकू येतं, कानात शिट्टी वाजते, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो आणि गाठ सापडते. अशा गाठी मिरजेतल्या तुमच्या सरांनीही पुष्कळ काढल्या असतील.

तुमच्या लेकीची गाठ होती थेट मेंदूच्या गाभ्यात, कुठल्याही नसेला न चिकटलेली. 'इंट्रापॅरेन्कायमल' म्हणजे एवढंच. तिथे श्वॉन पेशी मुळात असायलाच नकोत. म्हणून कवटीतल्या शंभर श्वॉनोमांमागे एकसुद्धा अशा जागी सापडत नाही. वैद्यकीय साहित्यात अशा गाठीची पहिली नोंद 1966 सालची आहे, सहा वर्षांच्या एका मुलाची. त्यालाही टेम्पोरल लोबमध्येच होती, म्हणजे तुमच्या लेकीला होती त्याच भागात.

मग या पेशी तिथे आल्या कशा? तीन-चार तर्क आहेत. गर्भात मज्जासंस्था घडत असताना काही पेशी चुकीच्या जागी अडकून राहिल्या असतील, हा एक. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांभोवती बारीक नसांचं जाळं असतं, त्यांच्यासोबत श्वॉन पेशी आत उतरत असतील, हा दुसरा. मेंदूच्या पातळ आवरणातल्या पेशींनीच हे रूप घेतलं असेल, असंही काही जण मानतात. अलीकडे या गाठींपैकी बऱ्याच गाठींत व्हीजीएलएल गटातलं एक जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं गेल्याचं आढळलं आहे. हा बदल गाठीच्या पेशींतला असतो, आईबापांकडून आलेला नसतो. तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात विचारलंय ना, गरोदरपणी माझं काही चुकलं का? नाही चुकलं. ग्रहण पाहिलं म्हणूनही नाही आणि मोबाइल वापरला म्हणूनही नाही.

ऑपरेशनच्या आधी ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींची गाठ, म्हणाले आणि नंतर निघालं वेगळंच, यावरून रिपोर्टवर शंका घेऊ नका. ही गाठ एमआरआयमध्ये अगदी हेच सोंग घेते. तरुण रुग्ण, फिट, पाण्याची पिशवी, तिच्या भिंतीला चिकटलेली आणि शिरेतून काँट्रास्टचं औषध दिल्यावर उजळणारी गाठ, भोवती थोडी सूज. हे चित्र दिसलं की कुठलाही रेडिओलॉजिस्ट आधी पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा किंवा गँग्लिओग्लायोमा या गाठींचीच नावं लिहील, कारण त्या जागी त्या कितीतरी जास्त सापडतात. तुकडा मायक्रोस्कोपखाली गेल्याशिवाय खरं नाव कळायला मार्ग नाही.

आणि इथे मी जरा रेंगाळणार, कारण माझी सगळी हयात त्या मायक्रोस्कोपसमोर गेली. श्वॉनोमाची काच बघायला सुंदर असते. लांबट, निमुळत्या पेशींचे जुडगे एकमेकांत विणल्यासारखे जातात. मध्येच पेशींची गडद केंद्रकं दोन समांतर रांगांत उभी राहतात आणि दोन रांगांमध्ये फिकट गुलाबी मोकळा पट्टा सुटतो. या रचनेला व्हेरोके बॉडी म्हणतात, 1910 साली होसे व्हेरोके यांनी तिचं वर्णन केलं. दाट विणीच्या भागाला अँटोनी ए आणि सैल, पाणथळ भागाला अँटोनी बी म्हणतात. दोन्ही एकाच काचेत शेजारी शेजारी दिसले की नव्या मुलांनाही निदान सांगता येतं. पण तीच काच 'टेम्पोरल लोब' अशी चिठ्ठी लावून आली की अनुभवी माणूससुद्धा थबकतो. डोळे श्वॉनोमा म्हणतात आणि जागा नाही म्हणते. मग रंगांच्या तपासण्या लावाव्या लागतात. एस-100 आणि सॉक्स-10 या श्वॉन पेशींच्या खुणा, त्या दोन्ही ठळक यायला हव्यात. मेंदूच्या आधारपेशींची खूण म्हणजे जीएफएपी, ती सहसा येत नाही, आली तर तुटक तुटक. ऑलिग-2 ही ग्लायोमाची खूण, ती नकोच. रेटिक्युलिनच्या रंगात प्रत्येक पेशीभोवती बारीक काळी जाळी दिसायला हवी. केआय-67 हा वाढीचा वेग सांगतो, तो कमी असला पाहिजे. तुमच्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर ही नावं असतील, लेकीला वाचायला सांगा.

म्हणून दीर आणि यजमान दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. लेकीला घेऊन मुंबईला धावायची गरज नाही. तिच्या डोक्यातलं काम झालेलं आहे. तिच्या गाठीचा तुकडा मात्र मुंबईला जाऊ द्या. निदान इतकं दुर्मीळ असतं तेव्हा मेंदूच्या गाठी रोज पाहणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टची नजर त्यावरून फिरलेली बरी. माझ्या विभागातून असे तुकडे मी स्वतः बाहेर पाठवत असे, आणि त्यात पहिल्या डॉक्टरचा अपमान नसतो. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा बंगळुरूच्या निम्हान्समध्ये बाहेरून आलेले ब्लॉक आणि काचा तपासून मत देतात. मिरजेच्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज द्या आणि पॅराफिन ब्लॉक, काचा, बायोप्सी रिपोर्ट, ऑपरेशनच्या नोंदी आणि एमआरआयची सीडी मागा. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चौकटीवर मेणात बसवलेला तुकडा. ते खरंच मेण असतं, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. पोस्टानं पाठवण्यापेक्षा कुणीतरी हातानं न्यावा आणि काम झाल्यावर परत आणावा. पुढेमागे जनुकाची तपासणी करायची म्हटली तर हाच तुकडा लागेल. मुंबईला जायची हौस दिरांना आहे ना? हे काम त्यांच्याकडे द्या.

'पूर्ण निघाली' या शब्दाचा पुरावाही एकदा मागून घ्या. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत एमआरआय झाला असेल तर त्यात काय लिहिलंय ते पाहा. झाला नसेल तर साधारण तीन महिन्यांनी काँट्रास्टचं औषध देऊन केलेला एमआरआय हवाच. त्यानंतर काही वर्षं, तुमचे सर सांगतील त्या अंतरानं. एखाद्या रक्तवाहिनीला चिकटलेला कण मागे ठेवावा लागला असेल, तरी लगेच काही करायचं नसतं, तो वाढतो का ते बघायचं. अशा जागी झालेल्या गाठी पुढे वाईट वळणावर गेल्याच्या अगदी तुरळक नोंदी आहेत. त्या मी तुमच्यापासून लपवत नाही, एमआरआय टाळू नका असं सांगते आहे ते त्यासाठीच. दर वेळी जुनी सीडी सोबत न्या. नुसता जुना रिपोर्ट दाखवून तुलना होत नाही.

भस्म कुठलं आहे मला माहीत नाही. पण विरघळवायला आत गाठ उरलेलीच नाही, मग ते काय विरघळवणार? शिवाय अशा निनावी पुड्यांत शिसं आणि पारा सापडतो आणि ते मूत्रपिंडावर बसतं. तिच्या फिटच्या गोळीचा निचरा मूत्रपिंडातूनच होतो. पुडी देणाऱ्याचे आभार माना आणि पुडी टाकून द्या.

धाकट्या मुलाची तपासणी नको. अनेक श्वॉनोमा होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, त्याला एनएफ-2 म्हणतात. त्यात बहुधा दोन्ही कानांच्या नसांवर गाठी असतात. मेंदूच्या गाभ्यातली एकुलती एक गाठ सहसा या आजारात मोडत नाही. तुमच्या लेकीच्या त्याच एमआरआयमध्ये दोन्ही कानांच्या नसा दिसतात. त्या स्वच्छ आहेत का आणि घराण्यात कुणाला तरुणपणी बहिरेपण आलं होतं का, एवढं सरांना विचारा. नसेल तर हा विषय संपला.

आता चिडचिड. ताई, ही गोळी काही जणांना चिडकं बनवते, हा तिचा सर्वज्ञात दुष्परिणाम आहे. मन उदास होणं, रडू येणं हेही त्यातलंच. ताट आपटणारी तुमची मुलगी आहे की गोळी, हे घरी बसून ठरवता येणार नाही, तेव्हा न्यूरोलॉजिस्टला स्पष्ट सांगा. डोस बदलतात, दुसरं औषध देतात. स्वतःहून गोळी बंद करू नका, एकदम सोडली तर फिट येण्याचा धोका वाढतो. औषध बदलायचं ठरलं तर 'हिचं लग्न ठरलंय' हे आवर्जून सांगा, कारण सोडियम व्हॅल्प्रोएटसारखं औषध पुढे गरोदरपणात बाळाला बाधतं. गोळ्या कायमच्या राहतील असंही नाही. गाठ निघाल्यावर पुष्कळांच्या फिट थांबतात आणि साधारण दोन वर्षं एकही आली नाही तर डॉक्टर हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. तोवर स्कूटी नको. लायसन्सच्या अर्जात फिट येते का हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. न्हाणीघराला आतून कडी नको, आणि कढईसमोर एकटीनं उभं राहणं काही महिने नको.

पण चिडण्याचं सगळं खापर गोळीवर फोडू नका. बी. फार्म. झालेल्या मुलीपासून ट्यूमर हा शब्द लपवून ठेवलाय असं तुम्हाला खरंच वाटतं? तिच्या हातात मोबाइल आहे, फाइल कपाटात आहे आणि त्यातली अर्धी नावं तिनं परीक्षेला पाठ केलेली आहेत. तिला सगळं माहीत असणार. फक्त घरात तिच्याशी त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि ती एकटीच ते घेऊन बसली आहे. मी तिच्या जागी असते तर ताटाबरोबर पातेलंही आपटलं असतं. आज संध्याकाळी रिपोर्ट तिच्यासमोर ठेवा आणि तिलाच तुम्हाला समजावून सांगू द्या.

व्याह्यांकडे जायचं ते तिला विचारून, आणि शक्यतो बोलू द्यायचं तिलाच, आधी मुलाशी. माझं मत स्पष्ट आहे: सांगा, आणि लग्नाच्या आधी सांगा. फिट येणं हा आता विवाहात कायद्याचा अडसर नाही, हिंदू विवाह कायद्यातून तो शब्द 1999 साली काढून टाकला. पण महत्त्वाची गोष्ट दडवून संमती मिळवली असं म्हणत लग्नाविरुद्ध कोर्टात जाता येतं, ती वाट अजून उघडी आहे. कोर्टाचं जाऊ द्या. केसांखाली कानावरून गेलेला तो टाक्यांचा व्रण नवऱ्याला पहिल्या आठवड्यात दिसणार आहे आणि रोजच्या दोन गोळ्या ती कुठे लपवणार? 'पाणी झालं होतं' हे वाक्य एका गोळीच्या पाकिटानं उघडं पडेल. त्यापेक्षा असं सांगा: मेंदूत एक साधी गाठ होती, कॅन्सर नव्हता, ती काढली, फिटच्या गोळ्या काही काळ चालतील, दर काही महिन्यांनी एमआरआय होईल, मूल व्हायला अडचण नाही पण आधी डॉक्टरांशी बोलावं लागेल. रिपोर्टची प्रतही द्या. दोन दिवस विचार करू म्हणाले तर रागावू नका, तुम्हीही महिनाभर विचारच करताय. आणि नाही म्हणाले तर ते वैशाखाच्या आधी कळलेलं बरं.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं तर एक काम तुमच्याकडे. जागरण आणि उपास या दोन्हींनी फिटला निमंत्रण मिळतं, आणि आपल्या लग्नांत या दोन्हींची रेलचेल असते. हळदीच्या रात्री तिला अकराच्या आत झोपवा, बाकीच्यांना काय नाचायचं ते नाचू द्या. गौरीहराशी उपाशी बसवू नका, आत्याबाई काय म्हणायचं ते म्हणतील. आणि पाठराखीण म्हणून जी कुणी जाईल तिच्या पर्समध्ये आठ दिवसांच्या गोळ्या आणि एक चिठ्ठी ठेवा: फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना.